रूप बदलणारी चेटकीण, पाच रात्री: मिस्टरी कॅशसाठी तर्ककोडं कसं रचायचं

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजे कॅश, जीपीएसच्या आधारानं शोधायचा खेळ. मिस्टरी कॅशमध्ये डब्याची जागा आधी कोडं सोडवून काढावी लागते. आवडत्या पात्रावरून असं कोडं करायचं ठरलं की कॅशच्या बहुतेक वेबपानांवर एकच प्रकार दिसतो. वर पात्राचं चित्र, खाली चार ओळींची गोष्ट आणि त्याखाली गोष्टीशी काडीचाही संबंध नसलेलं एखादं सांकेतिक कोडं. पात्र पुसून टाकलं तरी कोडं जसंच्या तसं सुटतं. अशा कॅशचा डबा सापडतो, पण पात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

चांगल्या कोड्यात पात्राचा स्वभाव हाच कोड्याचा नियम असतो. ड्रॅगन रोज रात्री खजिना मोजतो ना, मग त्याचं कोडं मोजणीचं असावं आणि एका रात्री एक नाणं कमी भरावं. प्रत्येक मंत्राची किंमत चुकवणाऱ्या जादूगाराला देवाणघेवाणीचं कोडं शोभतं. दोन तोंडांच्या राक्षसाचं एक तोंड खरं बोलेल, दुसरं खोटं. तुमच्या पात्राबद्दल एकच वाक्य लिहा: ‘हा नेहमी असं करतो’ किंवा ‘ही कधीच असं करत नाही’. वाक्यात ‘नेहमी’ किंवा ‘कधीच’ चपखल बसत असेल तर त्यातून नियम निघेल. ‘तो शूर आहे’ यातून काहीच निघत नाही.

इथे उदाहरणाला रूपं बदलणारी चेटकीण घेतली आहे. तिच्याबद्दलचं वाक्य असं: कोल्ह्याच्या रूपात ती कधीच खरं बोलत नाही.

कोडं

कॅशच्या पानावर जाईल तो मजकूर असा:

चेटकीण पाच रात्री जंगलात फिरली. दर रात्री तिनं वेगळं रूप घेतलं: हरीण, घुबड, कोल्हा, साप, मांजर. दर रात्री एक वेगळी वस्तू मागे ठेवली: आरसा, चावी, पीस, नाणं, मेणबत्ती. कुठलंही रूप किंवा वस्तू दोनदा आली नाही. पाचही रात्रींचा बेत तिनं आधीच आखला होता, म्हणून नोंदवहीत पुढच्या रात्रींचाही उल्लेख आहे. कोल्ह्याच्या रूपात लिहिलेलं प्रत्येक वाक्य खोटं आहे. बाकी रूपांत लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं आहे.

पहिल्या रात्रीची नोंद: घुबडाच्या रात्रीनंतर लगेच कोल्ह्याची रात्र. चावी ठेवायची ती घुबड असताना.
दुसऱ्या रात्रीची नोंद: सापाची रात्र मांजरीच्या रात्रीच्या आधी कधीतरी येते. नाणं ठेवायचं ते साप असताना.
तिसऱ्या रात्रीची नोंद: पहिल्या रात्री मी मांजर होते.
चौथ्या रात्रीची नोंद: पहिल्या रात्री मी हरीण होते. मेणबत्ती ठेवायची ती मांजर असताना.
पाचव्या रात्रीची नोंद: आरसा ठेवायचा तो हरीण असताना.

क ही तीन अंकी संख्या आहे: सापाच्या, मांजरीच्या आणि हरणाच्या रात्रीचा क्रमांक, याच क्रमानं.
ख हीसुद्धा तीन अंकी: मेणबत्तीच्या, पिसाच्या आणि चावीच्या रात्रीचा क्रमांक.
डबा इथे आहे: उत्तर अक्षांश ××° ३१.(क − १६४)′, पूर्व रेखांश ××° ४८.(ख + ३७४)′

ते कसं सुटतं

तिसरी आणि चौथी नोंद एकमेकींना छेद देतात. पहिल्या रात्री ती मांजरही होती आणि हरीणही, असं होणार नाही. म्हणजे कोल्ह्याची रात्र तिसरी किंवा चौथी. चौथी धरली तर तिसरी नोंद खरी ठरते आणि मांजर पहिल्या रात्री येते. पण दुसरी नोंदही खरीच असेल आणि ती म्हणते, साप मांजरीच्या आधी. पहिल्या रात्रीच्या आधी रात्रच नाही. म्हणून कोल्हा तिसऱ्या रात्री.

पुढचं भराभर जुळतं. घुबड दुसऱ्या रात्री, हरीण पहिल्या, साप चौथ्या, मांजर पाचव्या. वस्तू त्याच क्रमानं: आरसा पहिल्या रात्री, चावी दुसऱ्या, नाणं चौथ्या, मेणबत्ती पाचव्या. पिसाबद्दल एकही नोंद नाही, ते उरलेल्या तिसऱ्या रात्री जातं, कोल्ह्याकडे. क = ४५१, ख = ५३२. मिनिटांचे दशांश भाग २८७ आणि ९०६. ×× च्या जागी तुमच्या भागाचे अंश येतात.

रचना उलट्या दिशेनं करा

आधी उत्तराचा तक्ता लिहून टाका: पाच रात्री, पाच रूपं, पाच वस्तू. सूचना त्यानंतर. सूचना आधी सुचल्या आणि उत्तर त्यांच्यातून निघेल अशी आशा धरली, तर कोडं एक तर सुटत नाही किंवा दहा प्रकारे सुटतं.

पहिली सूचना नेहमी स्वभावाच्या नियमाला हात घालणारी असावी. या कोड्यात खोटी नोंद शोधणं हे पहिलंच काम आहे, कारण ती सापडेपर्यंत कुठल्याही नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही. त्यासाठीची जुळणी सोपी आहे. एकत्र खऱ्या असू शकणार नाहीत अशा दोन नोंदी लिहा, की संशयित दोनच उरतात. मग तिसऱ्या एखाद्या नोंदीनं त्यातल्या एकाला सोडवा. परस्परविरोधी नोंदींच्या दोन जोड्या ठेवल्या तर खोटी नोंद क्षणात उघडी पडते आणि मजा जाते, म्हणून एकच जोडी ठेवा.

खोट्या नोंदीत एकच वाक्य ठेवा. या एका गोष्टीवर सर्वात जास्त कोडी अडकतात. दोन वाक्यांची नोंद खोटी म्हटली की कुणी दोन्ही वाक्यं खोटी धरतो, कुणी किमान एक. दोघांची उत्तरं वेगळी निघतात आणि दोघंही बरोबर असतात. वरच्या मजकुरात ‘प्रत्येक वाक्य खोटं’ असं स्पष्ट लिहिलं आहेच, शिवाय प्रत्यक्ष खोटी ठरणारी नोंद एका वाक्याची आहे. कुणी नियम घाईत वाचला तरी उत्तर बदलत नाही.

एकच उत्तर आहे ना?

पाच रूपं १२० प्रकारे लावता येतात, पाच वस्तूही १२० प्रकारे. एकूण शक्यता १४,४००. सर्व नियम पाळणारी त्यातली एकच असायला हवी. थोडंफार प्रोग्रॅमिंग येत असेल तर सगळ्या शक्यता फिरवून पाहणारा वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा. प्रत्येक शक्यतेत कोल्हा कुठल्या रात्री आहे ते बघायचं, त्या रात्रीची वाक्यं खोटी आणि बाकीची खरी येतात का ते तपासायचं आणि पास झालेल्या शक्यता छापायच्या. संगणक हे काम क्षणार्धात करतो. नजरेनं ‘एकच दिसतंय’ म्हणून थांबू नका. रचणाऱ्याला स्वतःचं उत्तर माहीत असतं, त्यामुळे दुसरं उत्तर त्यालाच सर्वात शेवटी दिसतं.

हातानं तपासायचं असेल तर संशयाची रात्र एकेक करून धरा. कोल्हा पहिल्या रात्री, दुसऱ्या रात्री असं पाचही वेळा धरून चालत जा आणि चार वेळा स्पष्ट विरोध सापडतो का ते कागदावर लिहा. विरोध कुठे झाला ते एका वाक्यात मांडता आलं नाही, तर ती फांदी अजून बंद झालेली नाही.

यानंतर उलटी परीक्षा घ्या. एकेक वाक्य झाकून कोडं सोडवा. घुबड आणि कोल्ह्याचं वाक्य झाकलं की तीन उत्तरं निघतात. चावीचं झाकलं की दोन. तिसरी नोंद पूर्ण झाकली तर चार. आठही वाक्यांपैकी कुठलंही काढलं तरी उत्तर एकटं राहत नाही, म्हणजे एकही वाक्य फुकटचं नाही. एखादं जादा वाक्य राहिलं तर आभाळ कोसळत नाही. नवख्यांसाठी एक जादा सूचना मुद्दाम ठेवणंही चांगलं. मात्र ती जादा आहे हे रचणाऱ्याला ठाऊक असावं.

शब्द कुठे दगा देतात

‘आधी’ आणि ‘लगेच आधी’ यांतला फरक प्रत्येक वेळी उघड लिहा. वरच्या कोड्यात एकीकडे ‘लगेच’ आहे, दुसरीकडे ‘कधीतरी’, आणि दोन्ही मुद्दाम घातले आहेत. ‘दोन रात्रींनंतर’ म्हणजे मध्ये एक रात्र की दोन, यावर वाद होतो. त्याऐवजी ‘मध्ये बरोबर एक रात्र गेली’ असं लिहा. ‘परवा’ टाळाच, मागचा की पुढचा ते कळत नाही. ‘दरम्यान’ वापरलात तर टोकाच्या रात्री धरायच्या की नाही तेही सांगावं लागेल.

गोष्ट आणि सूचना वेगळ्या ठेवा. ‘थंडीनं कुडकुडत ती झाडावर बसली’ असं सजावटीचं वाक्य सूचनांच्या मध्ये आलं की सोडवणारा त्यालाही सूचना समजतो: झाडावर बसली म्हणजे घुबड, आणि साप थंड रक्ताचा म्हणून तो नाही. वातावरण रंगवायचंय ते वरच्या परिच्छेदात रंगवा, नोंदी कोरड्या असू द्या. पात्राबद्दलचं बाहेरचं ज्ञानही लागू नये. ते पात्र आयुष्यात न ऐकलेल्या माणसालाही कोडं सुटलं पाहिजे, आणि चाहत्याला ते सोडवताना पात्र ओळखीचं वाटलं पाहिजे.

मजकूर दोन भाषांत देणार असाल तर दोन्ही आवृत्त्या स्वतंत्रपणे सोडवून बघा. भाषांतरात ‘लगेच’ गळतं आणि एका भाषेत एक, दुसरीत तीन उत्तरं होतात. सूचना चित्रात टाकू नका, साध्या मजकुरात द्या. तक्ते फोनवरच्या अ‍ॅपमध्ये वेडेवाकडे दिसू शकतात, म्हणून नोंदी ओळीखाली ओळ लिहा आणि रिकामा तक्ता सोडवणाऱ्यालाच आखू द्या.

उत्तरातून कोऑर्डिनेट्स

कोड्याच्या उत्तरातून थेट कोऑर्डिनेट्स काढण्याचा हट्ट धरू नका. जागा डब्यासाठी चांगली असावी लागते आणि कोडं तर्कासाठी. दोन्ही एकाच अंकांवर येण्याची शक्यता फार कमी. मध्ये स्थिरांक ठेवा. डबा ३१.२८७ वर आणि क ४५१, तर वजा १६४. रेखांश ४८.९०६ आणि ख ५३२, तर अधिक ३७४. पुढे झाड पडलं, डबा वीस मीटर सरकवावा लागला, तर पानावर फक्त हे दोन आकडे बदलायचे. कोड्याला हात लावावा लागत नाही.

बेरीज-वजाबाकीनंतर उत्तर ० ते ९९९ मध्येच राहील असा स्थिरांक घ्या, नाही तर हातचा मिनिटांत जातो आणि निम्मे लोक तो विसरतात. निकाल ४७ आला तर ०४७ लिहायचं हेही पानावर सांगा. ३१.०४७ ऐवजी ३१.४७ टाकणारे हमखास भेटतात.

जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं ही पद्धत चालते, नकाशाचा पाया डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरतं तोच. काही नकाशा-अ‍ॅप दशांश अंश किंवा सेकंद दाखवतात आणि तिथे घोळ होतो. ३१.२८७ मिनिटं म्हणजे ३१ मिनिटं १७.२२ सेकंद. कुणी ते ३१ मिनिटं २८.७ सेकंद असं वाचलं, तर तो साडेतीनशे मीटर उत्तरेला जाऊन शोधत बसतो. अक्षांशात मिनिटाचा एक हजारांश म्हणजे सुमारे १.८५ मीटर. रेखांशात हे अंतर विषुववृत्तापासून दूर जाताना कमी होतं: ४५ अंशांवर १.३१ मीटर, ६० अंशांवर ०.९३.

पानावर अंकांची बेरीज तपासणीसाठी देण्याची पद्धत आहे. इथे २+८+७+९+०+६ = ३२. ती जरूर द्या, पण तिच्यावर विसंबू नका. समजा कुणी क लिहिताना सापाच्या आणि मांजरीच्या रात्रीच्या अंकांची अदलाबदल केली. क होईल ५४१, दशांश भाग ३७७. त्याच्या अंकांची बेरीज १७, आणि बरोबर उत्तर २८७ च्या अंकांचीही १७! दोन अंकांची अदलाबदल झाली की संख्या नेहमी ९ च्या पटीत बदलते, त्यामुळे अंकांची बेरीज पुष्कळदा तीच राहते. तर्ककोड्यात सर्वात नेहमीची चूक अदलाबदलीची असते आणि बेरीज नेमकी तीच पकडत नाही. हा माणूस १६७ मीटर उत्तरेला चुकीच्या झुडपात हात घालत राहणार. म्हणून जिओकॅशिंग डॉट कॉमवरचा उत्तर-चेकर चालू करा. त्यात बरोबर उत्तर दिल्यावर दिसणारा संदेशही लिहिता येतो. जागेबद्दलची सूचना तिथे द्या.

अंदाजानं डबा सापडण्याचा धोकाही मोजून ठेवा. क मध्ये १ ते ५ पैकी तीन वेगवेगळे अंक आहेत, म्हणजे ६० शक्यता. ख मध्येही ६०. एकूण ३६०० ठिपके. शिवाय क कमीत कमी १२३ आणि जास्तीत जास्त ५४३, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ७७८ मीटरचा पट्टा. त्या पट्ट्यात एकच झाडी असेल आणि बाकी सगळी घरं, तर लोक कोडं न सोडवताच पोहोचतील. तसं असेल तर साध्या तीन अंकांऐवजी गुणाकार घ्या, उदाहरणार्थ सापाची रात्र × ख. किंवा सरळ दुसरी जागा शोधा.

जागा आणि डबा

अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० ला बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर यांनी पहिला डबा ठेवला. हा खेळ त्या वाढलेल्या अचूकतेवरच उभा आहे, म्हणून मोजमापात कंजुषी नको. फोन किंवा जीपीएस जागेवर दोन-तीन मिनिटं स्थिर धरा, वाचन घ्या, तीस-चाळीस पावलं दूर जाऊन परत या आणि पुन्हा घ्या. हे वेगळ्या दिवशीही करा. वाचनं पाच-सहा मीटरच्या आत असतील तर सरासरी वापरा. दाट झाडी किंवा उंच भिंतीपाशी ती जास्त पसरतात. तिथे नीट सूचना देणं भाग आहे.

मिस्टरी कॅशच्या पानावर दिसणारे कोऑर्डिनेट्स खोटे चालतात, पण खरा डबा त्यांच्यापासून २ मैलांच्या, म्हणजे सुमारे ३.२ किलोमीटरच्या आत असावा. कोड्यात मिनिटांचा पूर्णांक तोच ठेवला आणि खोटा बिंदूही त्याच मिनिटांत धरला, तर ही अट आपोआप पाळली जाते. खोटा बिंदू कुणाच्या अंगणात किंवा हमरस्त्याच्या मधोमध येऊ देऊ नका, आणि ‘डबा इथे नाही’ असं पहिल्याच ओळीत लिहा. दुसऱ्या कॅशच्या डब्यापासून किमान ०.१ मैल, म्हणजे १६१ मीटर अंतर लागतं. इतर मिस्टरी कॅशचे डबे नकाशावर दिसत नाहीत, म्हणून जागा पक्की करण्याआधी रिव्ह्यूअरला (प्रसिद्धीआधी कॅश तपासणाऱ्या स्वयंसेवकाला) कोऑर्डिनेट्स पाठवून विचारून घ्या. कोडं सजवून झाल्यावर जागा अडलेली निघाली की सगळं पुन्हा मांडावं लागतं.

जागेच्या मालकाची परवानगी घ्या. जमिनीत खड्डा खणायचा नाही.

डबा १०० मिलिलिटर ते १ लिटरचा, झाकणाला रबरी कडा असलेला. लॉगबुक, म्हणजे शोधणारे नाव लिहितात ती वही, झिपच्या पिशवीत आणि सोबत पेन्सिल. ओल्या कागदावर पेनची शाई पसरते. आत चेटकिणीच्या पाच वस्तू ठेवायचा मोह होईल आणि ठेवाव्यातही, पण विचारानं. खरी मेणबत्ती उन्हात वितळून लॉगबुकला चिकटते, सुगंधी असेल तर प्राणी डबा कुरतडतात. पिसाला बुरशी येते. काचेचा आरसा फुटतो. लाकडी चकत्यांवर पाच चित्रं रंगवा, त्या वर्षानुवर्षं टिकतात.

पान पाठवताना

प्रकार मिस्टरी, म्हणजे निळ्या प्रश्नचिन्हाचा. डब्याची खरी जागा लपलेला अंतिम वेपॉइंट (नोंदवलेला बिंदू) म्हणून भरा. रिव्ह्यूअरसाठीच्या टिपेत पूर्ण उत्तर, ते कसं निघतं ते आणि आकडेमोड लिहा. नुसतं ‘क ४५१, ख ५३२’ लिहिलं की प्रश्न येतात आणि दिवस जातात. कोडं सोडवायला कुठे खातं उघडावं लागेल किंवा काही डाउनलोड करावं लागेल असं काही ठेवू नका. लोकप्रिय पात्राचं चित्र कुठून तरी उचलून लावू नका. चित्र हवंच असेल तर स्वतः काढा.

अवघडपणाचा आकडा १ ते ५ मध्ये अर्ध्या-अर्ध्यानं वाढतो. या कोड्याला २ किंवा २.५ पुरे. चार-पाच आकडा लावून भाव वाढवला की सरावलेले लोक नाराज होतात आणि नवखे फिरकत नाहीत. भूभागाचा आकडा वेगळा. तो डब्यापर्यंतच्या वाटेचा आणि झाडावर चढावं लागतं का याचा.

पाठवण्याआधी दोघांकडून सोडवून घ्या: एक तर्ककोड्यांत मुरलेला, एक कधीच न सोडवणारा. समोर बसा, पण बोलू नका. पहिला दुसरं उत्तर शोधायचा प्रयत्न करील, दुसरा कुठल्या वाक्यावर थबकतो ते दिसेल. थबकलेलं वाक्य त्याला समजावून सांगायचं नाही, पानावर बदलायचं.

प्रसिद्ध झाल्यावर कुणी दुसरं उत्तर दाखवून दिलं तर कॅश तात्पुरती बंद करा, वाक्य दुरुस्त करा, चौदा हजार चारशे शक्यतांची तपासणी पुन्हा पूर्ण चालवा आणि मगच उघडा. फक्त बदललेलं वाक्य तपासणं पुरत नाही, कारण एक शब्द बदलला तरी खोट्या नोंदीचा शोध पहिल्यापासून बदलू शकतो. बदल कुठल्या तारखेला आणि कुठल्या नोंदीत केला ते पानावर लिहून ठेवा, म्हणजे आधी छापून घेतलेला कागद घेऊन निघालेल्यांना आपल्याकडे जुना मजकूर आहे हे कळतं.